पिवळी ज्योत, काळी काच: बेलीच्या डोंगरातल्या एका गॅस शेगडीचं प्रकरण

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या डेन्वरहून नैऋत्येला निघालेला २८५ नंबरचा हायवे तासाभरात डोंगरात शिरतो आणि बेली नावाच्या छोट्या गावातून पुढे जातो. आम्ही तिथे राहतो. उंची साधारण ७,७०० फूट, म्हणजे अंदाजे २,३५० मीटर. अंदाज यावा म्हणून सांगते, डेन्वर शहरच १,६०९ मीटरवर आहे, आपल्या कळसूबाईपेक्षा जेमतेम चाळीसेक मीटर खाली. आमचं घर म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी सातशे मीटर. ही उंची पुढे महत्त्वाची ठरणार आहे. घर घेताना आम्ही तिच्याकडे फक्त खिडकीतून दिसणारा देखावा म्हणून पाहिलं होतं.

आमच्या रस्त्यावर गॅसची पाइपलाइन नाही. अंगणात ५०० गॅलनची प्रोपेनची पांढरी टाकी आहे, टँकर येऊन ती ८० टक्क्यांपर्यंत भरून जातो. आपल्याकडच्या लाल सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच वायू व्हायचं थांबतं, म्हणून तो सिलिंडर इथल्या जानेवारीत बाहेर ठेवला तर अर्धा गॅस तळाशी पाण्यासारखा पडून राहील. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत उकळतं, म्हणून इथे निव्वळ प्रोपेन.

दिवाणखान्यात एक शेगडी आहे. शेगडी म्हटल्यावर स्वयंपाकघरातली दोन बर्नरची डोळ्यांसमोर आणू नका. ही लोखंडी पेटी आहे, चार पायांवर उभी, पुढे उष्णता सोसणारी काच, आत चिनी मातीसारख्या तंतूंचे खोटे ओंडके आणि त्यांच्याखाली बर्नर. मागून दुहेरी नळी भिंतीबाहेर जाते. आतल्या नळीतून धूर बाहेर, बाहेरच्या नळीतून ताजी हवा आत. पेटी पूर्ण बंद, खोलीतली हवा ती वापरतच नाही. सगळ्यात मोठा गुण म्हणजे तिला वीज लागत नाही. पायलटची, म्हणजे सतत तेवत राहणारी छोटी ज्योत एका धातूच्या कांडीला तापवते, त्यातून अर्धा-पाऊण व्होल्ट तयार होतो आणि तेवढ्यावर गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. बर्फाच्या वादळात दोन-दोन दिवस वीज जाते तेव्हा घरात ऊब असते ती एवढीच.

काच काळी पडते

ऑक्टोबरच्या अखेरीस शेगडी पहिल्यांदा लावली. ज्योत सुरेख होती, उंच, गडद नारिंगी, ओंडक्यांमधून वळत जाणारी. घर दाखवणाऱ्याने तिचंच कौतुक करून घर विकलं होतं. चौथ्या संध्याकाळी लेकीने काचेकडे बोट दाखवलं. वरच्या तिसऱ्या भागावर धुरकट पडदा बसला होता. मी काच थंड झाल्यावर काढली, ओल्या फडक्याने पुसली, ओंडकेही उचलून त्यांच्याखालचा कचरा काढला आणि सगळं परत जागेवर ठेवलं. म्हणजे जागेवर ठेवलं असं मला वाटलं.

पुढच्या चार दिवसांत काच पुन्हा काळी. या वेळी डाव्या बाजूला, ओंडक्याच्या टोकावर, मखमलीसारखी मऊ काजळीही दिसायला लागली. बोट लावलं तर ठसा उमटला.

घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म होता. कोलोरॅडोत २००९ च्या कायद्यानुसार घर विकताना तो झोपायच्या खोलीच्या दारापासून पंधरा फुटांच्या आत असावाच लागतो. तो गप्प होता, आणि त्याच्या गप्प राहण्यावर मी निर्धास्त झाले. हे चुकीचं होतं. असे अलार्म हवेत दहा लाखांत ७० भाग मोनॉक्साइड असेल तर एक ते चार तासांत वाजतात, ४०० भाग असेल तर चार ते पंधरा मिनिटांत. त्याहून कमी प्रमाणात तो गॅस तासन्‌तास घरात राहिला तरी साधा अलार्म तोंड उघडेलच असं नाही. शिवाय आमची पेटी बंद, धूर बाहेर जाणारा. म्हणजे अलार्म वाजला नाही यातून शेगडीच्या आत काय चाललंय ते कळतच नव्हतं. आपल्याकडे बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचत मोठी झालेली मी, मला हे इतकं उशिरा सुचावं याचं आजही वाईट वाटतं.

माझी चूक

मराठी घरात वाढलेल्या कुणालाही एक गोष्ट शिकवावी लागत नाही. निळी ज्योत चांगली, पिवळी वाईट. पातेल्याचं बूड काळं पडलं की आई बर्नरची टोपी काढून सोड्याच्या पाण्यात टाकायची, तारेने छिद्रं साफ करायची, आणि परत निळी ज्योत आली की म्हणायची, ‘बघ, आता गॅस पुरेल.’ स्वयंपाकाच्या शेगडीसाठी हे शंभर टक्के खरं आहे.

तेव्हा पुस्तिका न वाचता मी हवेचं शटर शोधलं. बर्नरच्या नळीच्या तोंडाशी, जिथे जेटमधून, म्हणजे बारीक छिद्राच्या तोटीतून, गॅस आत झेपावतो, तिथे एक सरकती पत्र्याची पट्टी असते. ती उघडली की गॅसबरोबर जास्त हवा ओढली जाते, बंद केली की कमी. आमच्या शेगडीत तिची दांडी खाली, काचेच्या बाहेर आहे. ती जवळजवळ बंद होती. आधीच्या मालकाने मुद्दाम तशी ठेवली असणार, कारण शटर जेवढं बंद तेवढी ज्योत उंच आणि पिवळी, आणि गिऱ्हाइकाला ती तशीच आवडते.

मी दांडी शेवटपर्यंत सरकवली. पुढच्या क्षणी आग बदलली. उंची निम्मी झाली, रंग निळसर. मी स्वतःवर खूश. पण कान देऊन ऐकलं तर एक बारीक घर्रर्र असा आवाज येत होता, आणि डाव्या टोकाला ज्योत बर्नरच्या छिद्रांना चिकटलेली नव्हती. बोटभर वर, हवेत तरंगत होती. मधूनच एखादी छिद्रांची ओळ विझायची आणि शेजारच्या ज्योतीने परत पेटायची. काजळी खरंच कमी झाली होती, म्हणून मी ते तरंगणं डोळ्याआड केलं.

दोन दिवसांनी सकाळी शेगडी थंड असताना बटण दाबलं. गॅस आल्याचा आवाज झाला, पण आग लागली नाही. एक, दोन, तीन सेकंद. मग ‘भक्क’ करून सगळं एकदम पेटलं आणि काच चौकटीत थरथरली. मी व्हॉल्व्ह बंद केला, टाकीकडचाही बंद केला, आणि त्या दिवशी विजेच्या हीटरवर काम भागवलं.

बाबा आणि काजळीचा नकाशा

बाबा तेव्हा आमच्याकडे होते. सांगलीत एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस, निवृत्तीनंतर गल्लीतल्या अर्ध्या घरांच्या शेगड्या आणि सगळ्यांचे रॉकेलचे स्टोव्ह दुरुस्त करायचे. काय काय केलं ते मी सांगितलं. शटरचं ऐकून त्यांनी ‘निळी केलीस ते बरं केलंस’ असं काही म्हटलं नाही. त्यांनी चष्मा लावला आणि थंड पेटीसमोर मांडी घालून बसले.

‘पोरी, काच पुसली नाहीस ना? बरं झालं. रंग सोड, काजळी कुठं बसलीय ते बघू आधी.’

काचेवर काजळी दोन तऱ्हेची होती. एक वरच्या भागात सगळीकडे पसरलेली, एकसारखी, धुरकट. दुसरी फक्त डाव्या ओंडक्यावर आणि त्याच्यासमोरच्या काचेवर हातभर रुंदीत, गडद आणि मऊ. बाबांचं म्हणणं होतं की ही दोन वेगळी दुखणी आहेत. सगळीकडे सारखी बसलेली काजळी म्हणजे आगीलाच हवा कमी. एका जागी बसलेली म्हणजे आग तिथे कशाला तरी आपटतेय.

हे पुढे अगदी तसंच निघालं, म्हणून याचं कारण थोडं सविस्तर लिहिते. आगीचा पिवळा रंग म्हणजे तापून लाल-पिवळे झालेले कार्बनचे सूक्ष्म कण. हवा आधीच पुरेशी मिसळली तर कण बनायच्या आतच सगळं जळतं आणि ज्योत निळी दिसते. स्वयंपाकाच्या शेगडीत तसंच व्हावं लागतं, कारण तिथे ज्योत लगेच गार भांड्याच्या बुडाला लागते. कण गार पडले की जळत नाहीत, चिकटून बसतात. पण या गरम करणाऱ्या शेगड्या मुद्दामच लाकडासारख्या पिवळ्या जळाव्यात म्हणून बनवलेल्या असतात. ज्योतीच्या खालच्या भागात कण बनतात, तापतात, प्रकाश देतात आणि वरच्या भागात पोचेपर्यंत पेटीतली हवा मिळून जळून जातात. सगळा हिशेब त्या वरच्या भागावर आहे. कण जळायच्या आत ज्योत ओंडक्याला आपटली तर तिथे काजळी, आणि वर पोचूनही हवा पुरली नाही तर काचभर काजळी. निव्वळ पिवळा रंग पाहून या दोहोंतलं काय घडतंय ते सांगता येत नाही. आणि मी जे केलं ते म्हणजे चहा गोड झाला म्हणून त्यात पाणी घालण्यासारखं होतं.

बाबांनी ओंडके एकेक करून उचलायला लावले. डाव्या ओंडक्याच्या तळाला एक खोबण होती आणि बर्नरच्या पत्र्यावर बरोबर तिच्या मापाची लोखंडी खुंटी. ऑक्टोबरात पुसताना मी तो ओंडका खुंटीवर न बसवता तिच्या पुढे टेकवला होता. दोन सेंटिमीटरचा फरक असेल. तेवढ्याने तो बर्नरच्या एका छिद्रांच्या ओळीवर आला होता, आणि नेमकी तीच ओळ पायलटकडची आग बाकीच्या बर्नरपर्यंत नेते. थंड सकाळी तीन सेकंद गॅस साचून भक्क होण्यामागे तीही गोष्ट होती.

बाहेरची जाळीही बाबांनी पाहिली. भिंतीबाहेर नळीचं जे तोंड असतं ते बर्फाने बुजलं तर हवा आत येत नाही आणि ज्योत सुस्त, उंच, काळपट होते. आमच्याकडे तोंड मोकळं होतं. जेटजवळ कोळ्याचं जाळं नव्हतं, जे इथे फार वेळा निघतं. ओंडक्याचं कारण सापडलं, पण सगळ्या काचेवरच्या त्या एकसारख्या पडद्याचं नाही.

५६ आणि ५९

जेट आणि दाब यांना घरच्या माणसाने हात लावू नये. परवाना असलेला तंत्रज्ञ बोलावला. त्याने पहिल्यांदा पेटीच्या खाली साखळीला टांगलेली पत्र्याची पाटी बाहेर ओढली. त्यावर लिहिलं होतं की हे प्रोपेनसाठी बसवलेलं आहे, उंची शून्य ते २,००० फूट. त्याने आमच्या खिडकीबाहेर बघितलं आणि काही न बोलता पेटी उघडायला घेतली.

दाब मोजायला त्याने व्हॉल्व्हच्या दोन छोट्या मुखांना मॅनोमीटर लावला. आत येणारा दाब पाण्याच्या स्तंभाचा ११ इंच, बर्नरकडे जाणारा १०. दोन्ही ठीक. (आपल्या घरगुती रेग्युलेटरचा दाब पाण्याचा सुमारे ३०० मिलिमीटर असतो, म्हणजे बारा इंचांच्या आसपास. इथला प्रोपेन आणि सांगलीचा सिलिंडर दाबाच्या बाबतीत सख्खे शेजारी आहेत, हे ऐकून बाबा खूश झाले.) मग त्याने बर्नर काढला आणि पितळी जेट उजेडात धरला. बाजूला आकडा कोरलेला होता, ५६.

अमेरिकेत जेटच्या छिद्राचं माप ड्रिलच्या नंबरात सांगतात, आणि नंबर जितका मोठा तितकं छिद्र लहान. ५६ नंबर म्हणजे ०.०४६५ इंच, १.१८ मिलिमीटर. समुद्रसपाटीला आमच्या शेगडीला हेच माप लागतं. पण आमच्याकडे हवा समुद्रसपाटीच्या जवळजवळ पाचवा हिस्सा विरळ आहे. तेवढीच हवा आत आली तरी तिच्यात ऑक्सिजन कमी. गॅसही इथे थोडा विरळच सुटतो, पण तेवढी घट पुरत नाही. म्हणून २,००० फुटांच्या वर गेलं की समुद्रसपाटीपासूनच्या दर हजार फुटांना ४ टक्के उष्णता कमी करायची असा इथला नियम आहे. आमच्या उंचीला तीस टक्क्यांच्या आसपास.

नैसर्गिक वायूच्या बाबतीत कोलोरॅडोतल्या कंपन्या पाइपलाइनमधलाच वायू कमी उष्णतेचा करून देतात, म्हणून डेन्वरात पाइपलाइनच्या शेगड्या बऱ्याचदा निभावून जातात. टाकीतल्या प्रोपेनला कुणी असं पातळ करत नाही. ज्याने कुणी आमची शेगडी बसवली त्याने पेटीसोबत आलेला प्रोपेनचा जेट तसाच लावून दिला होता, आणि वर हवेचं शटर बंद.

बाबांना एवढं समजावून सांगावं लागलं नाही. उंची आणि जेट हे दोनच शब्द त्यांनी माझ्या तोंडून ऐकले आणि हात वर केला.

‘म्हणजे जेट मोठा आणि हवा विरळ. अगं, हे तर स्कूटरचं दुखणं! वाईहून पसरणीचा घाट चढलो की महाबळेश्वरात पोचेपर्यंत प्लग काळा ठिक्कर. खाली आलो की ठणठणीत.’

तंत्रज्ञाला हे इंग्रजीतून सांगितलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला की तो बर्फावरच्या गाड्यांचं तेच काम करतो.

त्याने ५९ नंबरचा जेट बसवला. ०.०४१ इंच, म्हणजे १.०४ मिलिमीटर. दोन जेट शेजारी धरले तर डोळ्याला फरक कळत नाही. व्यासात फरक दीड दशांश मिलिमीटरहूनही थोडा कमीच, साधारण दोन केसांच्या जाडीएवढा. तरी छिद्राचं क्षेत्रफळ २२ टक्क्यांनी कमी झालं. उरलेली घट इथे विरळ सुटणाऱ्या गॅसमुळे आधीच झालेली होती. जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत हे पाहिलं. त्याशिवाय तो पेटी बंद करत नव्हता.

शटर लावणं

आता खरं काम, ज्योत लावण्याचं. हे त्याने माझ्याकडून करवून घेतलं, कारण शटर ही मालकाने पुस्तिकेप्रमाणे हलवायची गोष्ट आहे. दर वर्षी त्यासाठी त्याला बोलावायची गरज नाही, असं तो म्हणाला.

ओंडके खोबणी खुंट्यांवर बसवून, ओंडका हलत नाही ना ते बोटाने पाहून ठेवले. काच लावली. काच न लावता या पेटीत ज्योत पाहण्यात अर्थ नाही, हवेचा सगळा प्रवाह बदलतो. शटर पुस्तिकेत प्रोपेनसाठी दिलेल्या जागेवर, म्हणजे मधोमधच्या थोडं पलीकडे उघडं. प्रोपेनला हवा जास्त लागते. एक भाग नैसर्गिक वायू पूर्ण जळायला साडेनऊ भाग हवा पुरते, एक भाग प्रोपेनला जवळजवळ २४. म्हणून त्याच शेगडीत प्रोपेनचं शटर नेहमी जास्त उघडं असतं. आधीच्या मालकाने ते नैसर्गिक वायूच्याही खाली नेऊन ठेवलं होतं.

शेगडी पूर्ण ज्योतीवर लावली आणि आम्ही काहीच केलं नाही. वीस मिनिटं. पहिल्या पाच मिनिटांत ज्योत निळी, लहान आणि अस्वस्थ असते, कारण लोखंड आणि ओंडके गार असतात. त्या वेळी शटर हलवलं की माणूस फसतो. गार आगीला पिवळं करायला शटर बंद करतो आणि तासाभराने काजळी. मी नोव्हेंबरात नेमकं उलटं केलं होतं, पण तेही गार शेगडीवरच. बाबा आणि तंत्रज्ञ एकमेकांची भाषा न कळता खिडकीतल्या बर्फाबद्दल बोलत बसले.

वीस मिनिटांनी ज्योत अंबरी, म्हणजे मधासारखी पिवळट-नारिंगी, झाली होती. टोकं मात्र किंचित काळपट, कधी कधी एक धुराचा बारीक दोरा वर जाऊन विरायचा. त्याने दांडी दाखवली. मी ती जरा उघडली, दोन मिलिमीटरही नसेल. मग पाच मिनिटं थांबायचं, लगेच नाही, कारण ज्योत बदलायला वेळ घेते. धुराचा दोरा गेला. आणखी थोडी उघडली तर डावीकडच्या छिद्रांशी ज्योत उठू लागली, तो घर्रर्र आवाज परत आला. म्हणून अर्धी मागे. शेवटी दांडी जिथे थांबली तिथे बुडाशी दोन-तीन सेंटिमीटर निळा भाग होता, प्रत्येक छिद्राला घट्ट चिकटलेला. वर सगळं अंबरी, टोकं स्वच्छ, काही ओंडक्यांना शिवत जाणारी पण कुठेही सपाट आपटून पसरत नाही. आवाज ऐकण्यासाठी पंखा बंद ठेवला होता. काही ऐकू आलं नाही, म्हणजे ठीक.

मग शेगडी बंद करून पूर्ण गार केली. संध्याकाळ झाली होती, तंत्रज्ञाला घरी जायचं होतं, पण थंड पेटीवर एकदा पेटवून पाहिल्याशिवाय तो जाणार नव्हता. बटण दाबलं आणि एका सेकंदाच्या आत डावीकडून उजवीकडे आग सरळ धावत गेली. काच हलली नाही. मी ते तीनदा करायला लावलं.

दांडीच्या शेजारी पेटीवर त्याने काळ्या मार्करने बारीक रेघ ओढली. पाटीच्या शेजारी एक चिकटपट्टी लावून त्यावर जेटचा नंबर, उंची आणि तारीख लिहिली. बाबांनी ती वाचली आणि म्हणाले, ‘आमच्याकडच्या मिस्त्रींनी असं लिहून ठेवलं असतं तर माझं निम्मं आयुष्य वाचलं असतं.’

त्यानंतर

पूर्ण ज्योतीला आता पूर्वीपेक्षा उष्णता कमी.  नवऱ्याला वाटलं की खोली थंड पडणार. उणे वीसच्या रात्री ती थोडी उशिरा गरम होते हे खरं आहे, पण पूर्वीची सगळी उष्णता खोलीत येत होती असंही नाही. त्यातला काही भाग काचेवर काळा होऊन बसत होता.

काच जानेवारीत एकदा पुसली. काळं काहीच नव्हतं, खालच्या कोपऱ्यांत पांढुरकं पापुद्र्यासारखं काही जमलं होतं, ते गॅसमधल्या गंधकाच्या आणि ओंडक्यांच्या अंशांनी होतं. तेही गार काचेवरच पुसायचं, आणि अमोनिया असलेला काच साफ करायचा द्राव वापरायचा नाही, नाहीतर काचेवर कायमचे डाग पडतात. डाव्या ओंडक्यावरची जुनी काजळी दोन आठवड्यांत आपोआप जळून गेली. मी ती खरवडली नाही, त्या तंतूंचा चुरा नाकात जाऊ नये म्हणून.

एक गोष्ट अजून नीट झालेली नाही. पश्चिमेकडून जोराचा वारा आला की बाहेरच्या तोंडातून हवा ढकलली जाते आणि ज्योत मिनिटभर उसळून पुन्हा बसते. तंत्रज्ञाने त्याला दुसऱ्या प्रकारचं तोंड सुचवलं आहे, उन्हाळ्यात बदलू. कमी प्रमाणातला मोनॉक्साइड आकड्यांत दाखवणारा वेगळा मीटर मात्र मी तेव्हाच घेतला. शेगडीजवळ ठेवलाय. अजून त्याने शून्याखेरीज काही दाखवलेलं नाही.

जुना ५६ नंबरचा जेट बाबा मागून घेऊन गेले. मार्चमध्ये सांगलीहून त्यांनी व्हिडिओवर दाखवला. त्यांच्या जुन्या रॉकेलच्या स्टोव्हची पिन त्यांनी त्या छिद्रातून आत-बाहेर करून दाखवली. सैल जात होती. ‘बघ,’ म्हणाले, ‘केवढं भोक! आणि तू म्हणे शटर उघडत बसलीस.’